सातव्या महिन्यातलं ग्रहण

देवपूर, धुळे
११ जून २०२३

चि. मृणाली,
जय भीम.

फोन तू उचलत नाहीस आणि राजदीपच्या हाती निरोप द्यावा तर तो अर्ध्यातच गप्प होतो. म्हणून हे पत्र. उभा जन्म फळ्यावर लिहिण्यात गेला, कागदावरचं अक्षर लागलं नाही तर त्याच्याकडून वाचून घे.

आपली स्नेहल गेली त्याला महिना होऊन गेला. चार महिन्यांचं लेकरू. पाठीचं ऑपरेशन व्हायच्या आधी तिने माझं बोट धरलं होतं, ते नर्सने सोडवलं. राजदीपही तुझ्याकडेच असतो, घरात मी एकटाच. तुझ्या सासूबाई असत्या तर निदान कुणाजवळ रडता आलं असतं.

राजदीप म्हणाला, "मृणाली म्हणते, नानांनी तिला ग्रहणात गच्चीवर नेलं, म्हणून बाळ असं जन्मलं." एवढं त्याने दारात उभं राहून सांगितलं. आत आला नाही.

दिवाळीतलं ते सूर्यग्रहण मलाही विसरता येत नाही. कॉलनीतल्या निम्म्या बायका दारं लावून बसल्या होत्या. मी मात्र सातव्या महिन्यातल्या माझ्या सुनेला गच्चीवर बोलावलं आणि सगळ्यांसमोर टोमॅटो चिरायला लावला. पोटुशीने ग्रहणात काही चिरलं की बाळाला खोट येते, हे खोटं आहे असं दाखवायचं होतं मला. टाळ्या पडल्या. तूही हसत होतीस.

पोरी, ग्रहण म्हणजे सावली. सावली पोटात शिरत नाही. बाळाच्या पाठीचा कणा पहिल्या महिन्यातच मिटतो, पिशवीची चेन लावावी तसा. आपल्या स्नेहलचा खालच्या बाजूला उघडा राहिला. तेव्हा चैत्र चालू होता आणि ग्रहण आलं दिवाळीत. मागच्या पानावर आकृती काढली आहे, ती बघ म्हणजे मनावरचा भार थोडा उतरेल.

तुझा,
नाना


बोदवड
४ जुलै २०२३

ती. नानांस,
जय भीम.

पत्र मिळालं. आकृती छान आहे. शाळेच्या भिंतीवर लावता येईल.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाले होते, सगळं व्यवस्थित आहे. तुम्हीच पेढे आणले होते. मग ग्रहण झालं, आणि बाळ जन्मलं तेव्हा पाठ उघडी होती. आधी काय होतं, नंतर काय झालं ते बघावं, असं तुम्ही मुलांना शिकवता. मीही तेच बघितलं. तुम्ही म्हणाल सोनोग्राफीत कधी कधी दिसत नाही. नसेल दिसत. पण मग दिसत नाही त्यावर विश्वास ठेवा असं तुम्हीच मला सांगताय.

पहिल्या महिन्यात झालं म्हणता. पहिल्या महिन्यात ती कुणाजवळ होती नाना? सूर्याजवळ नव्हती, तुमच्याजवळ नव्हती. माझ्या पोटात होती, आणि मलाही ठाऊक नव्हतं. मग तुमच्या विज्ञानाने चूक कुणाची ठरते? तुमचं पत्र आल्यापासून मी तो महिना आठवत बसते. साक्रीच्या लग्नाला स्कूटरवर गेले होते. पपई खाल्ली होती. पाण्याचा ड्रम सरकवला होता. ग्रहणाने झालं असं म्हटलं तर मी सकाळी उठून केस विंचरू शकते. तुमचं म्हणणं खरं मानलं तर ते पण होत नाही.

आणखी एक. गच्चीवर येशील का, असं तुम्ही मला विचारलं नव्हतं. कॉलनीभर सांगून झालं आणि मग हाक मारलीत. आईने फोनवर बजावलं होतं, घरात बस म्हणून. सासऱ्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून आले. हसत होते ते सगळे बघत होते म्हणून.

राजदीपने जळगावला बदली मागितली आहे. आता पत्र पाठवू नका.

मृणाली


देवपूर, धुळे
२० ऑगस्ट २०२३

आदरणीय लिलाबाई,
जय भीम.

हे पत्र घरी न पाठवता तुमच्या अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवतो आहे. मृणाली तिथे तुमच्याजवळ आहे, तिच्या हाती पडू नये म्हणून. तुमचा फोनही तीच हाताळते, हे मला माहीत आहे.

राजदीपने तिचे कपडे मागवले म्हणून कपाट आवरायला घेतलं. साड्यांमागे एक प्लास्टिकची डबी होती. बोदवडहून येताना दर वेळी तुम्ही तिला भरून द्यायच्या त्या डोकेदुखीच्या गोळ्या. रोज जेवल्यावर ती एक घ्यायची, मी कधी विचारलं नाही. या वेळी एक गोळी घेऊन चौकातल्या भूषणच्या मेडिकलवर गेलो. तो म्हणाला, "सर, ही डोकेदुखीची नाही, फिटची आहे."

मग मेंदूच्या डॉक्टरांना जाऊन भेटलो. नाव कुणाचं घेतलं नाही. ते म्हणाले, ही गोळी गरोदरपणाच्या सुरुवातीला चालू असेल तर बाळाचा कणा उघडा राहण्याचा धोका बराच वाढतो. म्हणून मूल हवं असेल तर डॉक्टर आधीच दुसरी गोळी देतात.

खरं सांगतो लिलाबाई, हे ऐकलं आणि मला आनंद झाला. मी सुटलो, माझं ग्रहण सुटलं. दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत तो आनंद टिकला. खाली रसवंतीच्या बाकावर बसलो आणि स्वतःचीच शिसारी आली. नात गेली आणि मी निकालात पास झालो म्हणून खूश होतो.

तुमच्या लेकीला फिट येत होत्या का? तिला हे ठाऊक आहे का? मला खरं कळवा.

आपला,
आधार


बोदवड
२ सप्टेंबर २०२३

आधारभाऊ,
जय भीम.

तुमचं पत्र पोषण आहाराच्या गोणीवर बसून वाचलं. पोरं भोवती खेळत होती. आधी रागच आला. सुनेचं कपाट उचकायचं काम सासऱ्याचं नसतं.

आता ऐका. ती तेरा-चौदा वर्षांची असताना झोपेत हातपाय झाडायची, जीभ चावायची. सकाळी उठली की तिला काही आठवायचं नाही. उशीवर रक्त बघून विचारायची, "मा, मले काय झालं व्हतं?" मी सांगायची, दात लागला. तिचे वडील वना तेव्हा हयात होते. जळगावच्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि ती लागू पडली. पुन्हा काही झालं नाही. तिला आम्ही डोकेदुखीची म्हणून सांगितली, आणि तेच चालू राहिलं.

फिट येणारी पोरगी कोण करून घेतं भाऊ? तुम्ही स्थळ बघायला आला तेव्हा मोठ्या मनाने म्हणालात, आम्हाला हुंडा नको, मानपान नको, मुलगी निरोगी असली की झालं. सगळ्यांनी तुमचं कौतुक केलं. मी त्याच संध्याकाळी गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरल्या. तुम्हाला हुंडा द्यायला मी कुठूनही आणला असता. तुम्ही जे मागितलं ते माझ्याकडे नव्हतं.

गावातल्या गरोदर बायांना मीच लोहाच्या गोळ्या वाटते. कोण खातं, कोण फेकतं, ते घरोघर जाऊन बघते. आणि माझ्या लेकीला माझ्याच हाताने काय दिलं, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. त्या दिवसापासून मला भाकरी थापवत नाही. हात पिठात गेला की तसाच राहतो.

पण तिला सांगू नका. ग्रहणाने केलं म्हटलं तर तिला माहेर आहे. आईने केलं म्हटलं तर ती कुठे जाईल? तुमचं दार तिने लावून घेतलंच आहे. माझंही लागलं तर पोरीने काय रस्त्यावर बसायचं? तुम्ही शिकलेले आहात, तुमच्यावर आळ आला तर लोक हसून सोडून देतील. माझ्यावरचा आळ खरा आहे.

लिलाबाई


देवपूर, धुळे
१७ सप्टेंबर २०२३

आदरणीय लिलाबाई,
जय भीम.

तुमचं पत्र वाचून मी दोन वेळा शाळेच्या मैदानाला चक्कर मारून आलो. "मुलगी निरोगी असली की झालं" हे वाक्य मला आठवतच नव्हतं. बोलणाऱ्याला कुठे आठवतं.

माझी आई तानुबाई साक्रीकडच्या खेड्यातली. ग्रहण लागलं की दारात आडवी बसायची आणि म्हणायची, "पोटुशी बाईनी बाहेर निंघानं नई." मी कॉलेजात जायला लागल्यावर तिला खूप वाद घालून हरवलं. ती म्हणाली, "तुनं खरं शे भाऊ, पन मना जीव घाबरस, त्याले काय करू?" माझा जीव घाबरतो त्याचं काय करू, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी हसलो होतो. आज ते उत्तर मला हवं आहे आणि अजूनही सापडत नाही.

रोज सकाळी वंदना घेतो. चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं. आणि त्याच बुद्धांनी करुणा सांगितली. ही दोन्ही एकाच दारात आडवी आली तर आधी कुणाला आत घ्यायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. मुलांना मी सांगत आलो, खरं असेल ते बोला, त्याचं कुणाला वाईट वाटलं तरी चालेल. वाईट वाटणं म्हणजे काय असतं, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं.

तर ठरलं. मी मृणालीला काही सांगणार नाही. पण माझी एक अट आहे, आणि ती मोडलीत तर मी बोदवडला येऊन सगळं सांगेन. तिला जळगावच्या चांगल्या डॉक्टरांकडे न्या आणि त्यांना सगळं खरं सांगा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, त्याने जीव जाऊ शकतो. डॉक्टर गोळी बदलून देतील. ती बदलल्याशिवाय दुसऱ्या बाळाचा विषय घरात निघता कामा नये.

मी गप्प राहीन. खोटं मात्र माझ्याकडून बोलून घेऊ नका.

आपला,
आधार


बोदवड
१० मार्च २०२४

आधारभाऊ,
जय भीम.

तुमच्या अटीप्रमाणे केलं. आधी मी एकटी आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले, रागावायलाच हवं होतं. मग तिला बोलावून सांगितलं, तुला झोपेत झटके येतात, ही नवी गोळी कायम घ्यायची, एक दिवसही चुकवायची नाही. हळूहळू जुनी बंद केली. आता नवी चालू आहे आणि तब्येत ठीक आहे.

झटक्यांचं ऐकून ती रिक्षात मला म्हणाली, "हे पण ग्रहणानंतरच लागलं असंल ना, मा?"

तुम्हाला पुन्हा त्रास देते. राजदीप जळगावला आला, खोली घेतली. ती अर्धे दिवस तिथे, अर्धे माझ्याजवळ असते. चांगला पोरगा आहे, तिला सांभाळतो. पण ती बाळ नको म्हणते. तुमचं पहिलं पत्र तिने गादीखाली ठेवलं आहे. दिवसा म्हणते ग्रहणाने झालं, आणि एकटी असली की ते पत्र काढून वाचते. काल मला विचारलं, "नाना उगीच लिहिणार नाहीत. पहिल्या महिन्यात मी काय केलं असंल?" पपईपासून सुरू करते आणि कुठे कुठे जाते. स्वतःच्या पोटावर चापट मारताना मी तिला बघितलं.

तुम्ही गप्प आहात ते खरं. पण तुमचं पत्र गप्प नाही भाऊ. माझ्या सांगण्याने काही होत नाही. मी आई, मी बोलणारच असं तिला वाटतं. तुम्ही लिहाल तेच ती खरं मानेल. एकदाच लिहा.

माझी तोंड वर करून मागायची लायकी नाही. तरी मागते.

लिलाबाई


देवपूर, धुळे
१४ एप्रिल २०२४

चि. मृणाली,
जय भीम.

पत्र पाठवू नका म्हणाली होतीस, तरी हे एक पाठवतो.

मी तुला लिहिलं होतं की बाळाचा कणा पहिल्या महिन्यात मिटतो. ते मी घाईत लिहिलं. त्यानंतर बरंच वाचलं, जाणत्या लोकांना विचारलं. पहिल्या महिन्यात तुझ्याकडून काहीही चुकलेलं नाही. पपई, स्कूटर, पाण्याचा ड्रम, यातल्या कशानेही काही झालेलं नाही. हे तू माझ्याकडून लिहून घे.

जे झालं ते त्या दिवशी गच्चीवर झालं. ग्रहणानेच झालं. तुझी आई बरोबर होती आणि मी चुकलो. तुला न विचारता सगळ्यांसमोर उभं केलं, हा माझा अपराध. टाळ्यांची हौस मला होती. तुझी काही चूक नव्हती.

माझं पहिलं पत्र फाडून टाक.

नाना


जळगाव
२७ ऑगस्ट २०२५

ती. नानांस,
साष्टांग जय भीम.

उत्तर द्यायला वर्षाहून जास्त लावलं, माफ करा. आता लिहिते आहे कारण मला पाचवा महिना चालू आहे. सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी पाठ नीट बघितली, मी तीन वेळा बघायला लावली. सगळं चांगलं आहे. राजदीप दवाखान्यातच रडला.

तुमचं ते पत्र आलं नसतं तर हा दिवस आला नसता. मी तुम्हाला खरं सांगते नाना. तोंडाने मी ग्रहण ग्रहण म्हणत होते, पण आतून तुमचंच पटत होतं. तुम्ही खोटं बोलत नाही, हे घरात सगळ्यात आधी मला कळलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातची आमटी खाऊन तुम्ही म्हणाला होता, मीठ जास्त आहे, पण उद्या कमी होईल. म्हणून तुमच्या पहिल्या पत्राने मी खचले. मनात असं होतं की थोडं सावरलं की धुळ्याला यावं, तुमच्यासमोर बसून सगळं विचारावं. बॅगसुद्धा भरली होती एकदा.

मग तुम्हीच लिहिलंत, ग्रहणाने झालं. त्यानंतर मला काही विचारायचं उरलं नाही. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

तुमचं पत्र मी आईच्या अंगणवाडीत बायांना वाचून दाखवलं. हसणाऱ्या दोघीजणी होत्या, मेघा आणि मोनाली, दोघीही गरोदर. त्यांना म्हटलं, माझे सासरे विज्ञानाचे सर आहेत, त्यांनी स्वतः लिहिलंय. त्यानंतर त्या हसल्या नाहीत. आता त्याही पाळणार आहेत. आई मात्र उठून आत निघून गेली. तिला हल्ली कशानेही रडू येतं.

येत्या सात तारखेला चंद्रग्रहण आहे. दुपारीच वेध लागतात. मी खोलीत पडदे लावून बसणार, अन्न, पाणी, औषध काही तोंडात घालणार नाही. माझी एक विनंती आहे. त्या दिवशी तुम्हीही पाळा. मुलांना गच्चीवर नेऊ नका, दुर्बीण लावू नका. बाळ तुमच्याही रक्ताचं आहे, उगीच काही नको.

माझा तुमच्यावर राग राहिलेला नाही. पण बाळ झाल्यावर त्याला धुळ्याला आणायचं मला धाडस होणार नाही. तुम्ही बघायला आलात तरी मी घाबरेन. मोठं झालं की बघू. तुम्ही समजून घ्याल, तुम्ही नेहमी खरं तेच समजून घेता.

तुमची,
मृणाली


देवपूर, धुळे
३० ऑगस्ट २०२५

चि. मृणाली,
जय भीम.

पत्र वाचून डोळे भरले. बाळ ठीक आहे, याहून मला काही नको. तू म्हणशील तसं करेन. सात तारखेला मी घरात बसेन, खिडक्या लावीन. मुलांना आजच सांगून टाकलं की यंदा कार्यक्रम नाही. दीपकने विचारलं, का सर? मी म्हटलं, तब्येत बरी नाही. बाळाला बघायला येणार नाही. राजदीपने एखादा फोटो पाठवला तर पाठवू दे, त्याने तुला भीती वाटणार असेल तर तोही नको.

हे पत्र स्पीड पोस्टने पाठवतो आहे, कारण एक गोष्ट तुला सात तारखेच्या आत कळायला हवी. औषधाला ग्रहण लागत नाही. आमच्या म्हाताऱ्या माणसांचा तसा नियम होता. शेजारच्या वहिनींकडून तुळशीचं एक पान मागून आण आणि गोळीवर ठेव. पान ठेवलं की त्या गोळीला ग्रहणाचा दोष नाही, पाण्यालाही नाही. गरोदर बाईने तर ती घेतलीच पाहिजे, नाही घेतली तर ग्रहण पाळलेलं वाया जातं असं माझी आई सांगायची.

आईच्या नावाने सांगतो आहे, म्हणून ऐक. त्या रात्री रोजच्या वेळेला गोळी घे. घेतली की राजदीपला मला एक फोन करायला सांग. फोन येईपर्यंत मी जागा आहे.

नाना